मदत हवी आहे: मोबाइलवरचे फ्रंटएंड लॉग बॅकएंडला पोचत नाहीत

टिटवी:
कालपासून यातच अडकले आहे. रिअ‍ॅक्ट अ‍ॅपमध्ये चूक झाली की लॉग (चुकीची नोंद) आमच्या बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरला, जायला हवा. लॅपटॉपवरून सगळे जातात, मोबाइलवरून जवळपास काहीच येत नाही. सर्व्हर चालू आहे. सोमवारी डेमो आहे, लवकर सांगा प्लीज.

औदुंबर:
पाठवताय कशाने? ब्राउझरच्या फेचने की सेंडबीकनने (पान बंद होतानाही डेटा पाठवतं ते)? आणि नेमकं कधी?

रानवाटा:
सेन्ट्री (चुका नोंदवणारं तयार टूल) लावा नि मोकळे व्हा. स्वतःच्या सर्व्हरवरही चालतं.

चकवा:
स्वतःच्या सर्व्हरवर म्हणजे काफ्काची रांग, क्लिकहाउस नि पोस्टग्रेसचे डेटाबेस सगळं सांभाळत बसा. एवढ्याशा कामाला कशाला?

टिटवी:
सेंडबीकन. लॉग मेमरीत साठवते, बिफोरअनलोडला (पान बंद होण्याआधीच्या इव्हेंटला) एकदम पाठवते.

औदुंबर:
मग तिथेच घोळ आहे. मोबाइलवर लोक टॅब बंद करत नाहीत, दुसऱ्या अ‍ॅपवर जातात. मागे पडलेला ब्राउझर फोन परस्पर बंद करतो, बिफोरअनलोड येतच नाही. व्हिजिबिलिटीचेंज (पान दिसतंय की लपलंय ते कळवणारा इव्हेंट) ऐका, पान 'हिडन' झालं की पाठवा. सेंडबीकन काय परत देतंय तेही तपासा. गठ्ठा साधारण ६४ केबीच्या वर गेला तर नुसतं फॉल्स येतं, एरर नाही. लॉग तिथेच हरवतात.

गवतफुला:
लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप काढणारं) लावलंय ना? आमची डिस्क भरून रात्री २ वाजता सर्व्हर बसला होता.

टिटवी:
डिस्कचा प्रश्न नाहीये हो.
औदुंबर, बदल केला, अँड्रॉइडवरून यायला लागले! पण टेस्ट सर्व्हरवर टाकल्यावर लॅपटॉपवरूनही बंद. ऑप्शन्स रिक्वेस्ट लाल दिसतेय.

औदुंबर:
एपीआय वेगळ्या डोमेनवर आहे का?

टिटवी:
हो, टेस्टला वेगळं आहे. लोकलला प्रॉक्सी आहे, म्हणून ब्राउझरला डोमेन एकच दिसतं.

औदुंबर:
हे आधी सांगायचं ना! ब्लॉबचा (पाठवायच्या डेटाचा) प्रकार जेसन ठेवला की आधी प्रीफ्लाइट, म्हणजे परवानगी विचारणारी ती ऑप्शन्स रिक्वेस्ट, जाते. टेक्स्ट-प्लेन करा, सर्व्हरवर पार्स करा.

चकवा:
हा जुगाड झाला. कॉर्सच (दुसऱ्या डोमेनला परवानगी देणारे सर्व्हरचे नियम) नीट लावा. सेंडबीकन क्रेडेन्शियल्ससकट (कुकीज वगैरे) जातं, म्हणून अलाउ-ओरिजिनला * (कोणतंही डोमेन) चालत नाही. डोमेन स्पष्ट लिहा, अलाउ-क्रेडेन्शियल्स ट्रू करा.

औदुंबर:
जुगाड कसला? प्रत्येक गठ्ठ्यामागची एक फेरी वाचते. पान बंद होताना तेवढंही महत्त्वाचं असतं.

रानवाटा:
वाद नंतर घाला. टिटवी, लॉगमध्ये पूर्ण यूआरएल जात असेल तर टोकन (लिंकमधली गुप्त किल्ली) आधी काढा. आमच्याकडे पासवर्ड रीसेटच्या लिंका महिनोन्‌महिने लॉगमध्ये साठत होत्या, कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

टिटवी:
बापरे, आमच्याही यूआरएलमध्ये टोकन आहे. आधी ते काढते.
कॉर्समध्ये * च होता. डोमेन लिहिलं, लॉग आले. आयफोनवर बघायचं राहिलंय, तो सहकाऱ्याकडे आहे. उद्या सांगते.