सड्यावर कचरा प्रकल्प येतोय, खालच्या झऱ्यांचं काय? (पन्हाळा तालुका)

कासारीकाठची

नमस्कार. पन्हाळा तालुक्यात कासारीच्या खोऱ्यात आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या विषयावरनं भावकीत आत्ताच दोन तट पडलेत.

गावाच्या वर जांभ्याचा सडा आहे. त्यावरचं गायरान कचरा प्रक्रिया प्रकल्पासाठी मागितलंय. आसपासच्या शहरांचा आणि मोठ्या गावांचा कचरा एकत्र आणायचा, ओल्याचं खत करायचं, सुक्यातलं विकण्याजोगं काढून घ्यायचं आणि उरलेलं तिथंच पुरायचं, असं सांगतात. मोजणीची माणसं दगडांवर चुन्याच्या खुणा करून गेली तेव्हा गावाला पत्ता लागला. त्याआधी पत्र आलं होतं म्हणे, पण ते ग्रामसभेत कुणी वाचून दाखवलं नाही.

विरोधाचा ठराव झाला, एकमुखानं झाला. पण सभेत सगळं बोलणं वासाचं, माश्यांचं आणि शहराची घाण आम्ही का घ्यायची याचं. पोरांची लग्नं जमायची नाहीत इथपर्यंत विषय गेला. यातलं काहीच खोटं नाही. पण या प्रत्येकाला वरच्या लोकांकडं उत्तर तयार असतं. वासाला फवारणी करू, कडेनं झाडं लावू, डांबरी रस्ता देऊ, गावातल्या पोरांना कामावर घेऊ. पाण्याचा विषय मात्र सभेत निघालाच नाही, आणि मला रात्री झोप लागत नाही ती पाण्यामुळं.

सडा ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी लिहिते. वर काळपट तांबडा कातळ, सगळा भोकं भोकं असलेला. आषाढात दिवसच्या दिवस झोडपतं, पण पाऊस उघडला की सड्यावर पाणी फार वेळ राहत नाही, आत जिरतं. मग डोंगराच्या अंगाला, जिथं जांभा संपून पांढरी-पिवळी चिकट माती लागते, तिथनं ते झऱ्यानं बाहेर पडतं. आमच्या वाडीच्या डोक्यावर असे झरे आहेत. त्यातल्या मोठ्याला टाकी बांधून सायफननं खाली पाणी आणलंय. मोटर नाही, वीजबिल नाही. दोन वाड्यांची माणसं आणि जनावरं त्याच्यावर आहेत. मे महिन्यात नदीकडच्या बोअरी नुसती हवा ओढायला लागतात, तेव्हासुद्धा या झऱ्याची करंगळीएवढी धार तुटत नाही. टाकीचं झाकण काढलं की तळाची बारीक तांबडी रेव मोजून घ्यावी इतकी स्पष्ट दिसते.

आता हे नीट वाचा. गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्यानं वर सड्याच्या कडेला कोंबडखताची एक ट्रॉली टाकून ठेवली होती. ढीग पावसात भिजला आणि आठवड्याभरात आमच्या टाकीच्या पाण्याला वास यायला लागला. म्हशींनी पाण्याला नाक लावलं आणि मागं सरल्या. वैरण खाऊन तहानलेली जनावरं, तरी तोंड लावेनात. ढीग हलवला, तरी पुढं बरेच दिवस आम्ही खालच्या विहिरीवरनं घागरी वाहिल्या. एका ट्रॉलीनं ही गत झाली. वर रोज गाड्या यायला लागल्या तर काय होईल ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण कागदावर मांडायला मात्र कुणीतरी जाणकार लागतो, म्हणून इथं विचारतेय.

ठराव पुरेसा आहे का? पाण्याचा मुद्दा कसा लिहायचा, म्हणजे तो 'ग्रामस्थांच्या भावना' म्हणून बाजूला सारला जाणार नाही? आणि द्यायचा कुणाकडं?

जुना भूजलवाला

ताई, पाणी सर्वेक्षणाच्या कामात माझी नोकरी गेली, जांभ्याचे सडे खूप पालथे घातलेत. तुमची कोंबडखताची हकीकत हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला पुरावा आहे. कधी ढीग टाकला, कधी वास आला, कधी गेला, कुणाकुणाच्या घरी पाणी बंद केलं, हे आठवेल तसं लिहून काढा आणि वाडीतल्या लोकांच्या सह्या घ्या. सड्यावर टाकलेली गोष्ट किती दिवसांत झऱ्याला येते, याचा तो आपोआप झालेला प्रयोग आहे.

घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 मध्ये भरावाच्या, म्हणजे उरलेला कचरा पुरायच्या जागेचे निकष होते. 1 एप्रिल 2026 पासून त्यांच्या जागी नवे नियम आलेत, तेव्हा पुढचे आकडे नव्या नियमांशी ताडून घ्या. नदीपासून 100 मीटर लांब, तळ्यापासून 200 मीटर, वस्ती, हमरस्ता आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर. आता यातली मेख बघा. तो नियम विहीर म्हणायचा, झरा म्हणत नव्हता. म्हणून पहिलं काम हे की तुमचा झरा पिण्याच्या पाण्याचा स्रोत म्हणून पंचायतीच्या दप्तरी आहे का ते तपासा. नळयोजनेच्या कागदांत त्याची नोंद असली पाहिजे. नसेल तर ठरावानं करून घ्या, गट नंबर आणि ठिकाण लिहून. कागदावर नसलेला झरा मोजणीवाल्याच्या नकाशावर येत नाही, मग तुम्ही कितीही ओरडा.

दुसरं, जांभ्यात 200 मीटर म्हणजे काहीच नाही. पाणी त्यातल्या पोकळ्यांतून वाट काढतं, मातीतून गाळून येत नाही. भरावाच्या तळाला 1.5 मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर आणि त्याखाली 90 सेंटिमीटर चिकणमातीचा थर घालायचा, असं 2016 चा नियम सांगायचा. शिवाय भूजलाची सर्वांत वरची पातळी त्या मातीच्या तळापासून किमान 2 मीटर खाली हवी होती. 'सर्वांत वरची' हे शब्द धरून ठेवा. सड्यात ती पातळी श्रावणात असते. पाहणी फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. पाहणी कोणत्या महिन्यात केली, हा एकच प्रश्न लेखी विचारा.

तिसरं काम तुमच्या हातातलं आहे आणि ते आजपासून करा. 15 लिटरची बादली झऱ्याच्या धारेखाली धरा, भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा, वहीत तारखेसह लिहा. आठवड्यातून एकदा, पाऊस असो नसो. आणि पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. एकदा ऐन उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात. क्लोराइड, नायट्रेट, विरघळलेले क्षार, लोह आणि जंतू एवढं बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि क्षारांची 500. झऱ्याचं पाणी सहसा याच्या खूप खाली असतं. आजचा चांगला अहवाल हातात नसेल, तर उद्या पाणी बिघडल्यावर 'ते आधीपासूनच तसं होतं' म्हणायला सगळे मोकळे. नमुना स्वतः बाटलीत भरून नेऊ नका, प्रयोगशाळेच्या माणसाला बोलवा आणि सरपंचांसमोर पंचनामा करून घ्या.

शहरातला

ताई, राग मानू नका, पण दुसरी बाजूही ऐका. मी कोल्हापूर शहराच्या जुन्या कचरा डेपोच्या अंगाला राहतो. उन्हाळ्यात ढीग आतनं पेटतो आणि धूर रात्रभर खोलीत असतो. धाकट्याला दमा आहे. खिडक्या मेणकापडानं बंद केल्यात. टोप गावच्या खणीत कचरा टाकायचा विषय निघाला, तिथं विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं, वर्षं गेली. आता तुमच्याकडं विरोध. प्रत्येक गाव नको म्हणतं आणि ढीग आमच्या दारात वाढत राहतो. आम्ही कुठं जायचं तेवढं सांगा.

कासारीकाठची

दादा, राग नाही. पोराचं वाचून पोटात तुटलं. तुमचा ढीग हलला पाहिजे असं मलाही मनापासून वाटतं, आणि आमच्या गावानं नुसतं नको म्हणून हात झटकावेत असं वाटत नाही.

पण शहराच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओला असतो. भाजीचे देठ, शिळं अन्न, देवाची फुलं. ते वीस-पंचवीस किलोमीटर घाट चढवून आणायचं कारण काय? ते वाॅर्डातच जिरलं तर वर आणायला उरतं किती? वेंगुर्ला आपल्यापासून काही लांब नाही. तिथल्या नगरपरिषदेनं घरातनंच कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली, ओल्यापासनं बायोगॅस केला, प्लास्टिक रस्त्यात वापरलं, आणि जिथं डेपो होता तिथं आज लोक बघायला जातात. वेंगुर्ला लहान आहे, कोल्हापूर मोठं, हे मान्य. पण शहर मोठं असलं तरी वेगळं करायचं काम प्रत्येक घराच्या ओट्यावरच व्हायचंय.

आणि जे शेवटी पुरायचंच आहे, त्याची जागा कुठंतरी लागणारच. ती ठरवताना आधी पाणी कुठं जातं ते बघा, मग सातबारा. आत्ता उलटं चाललंय. गायरान दिसलं की रिकामं म्हणायचं आणि बोट ठेवायचं. आमच्या गायरानात दिवाळीनंतर गवत कापणी असते, बाकीच्या दिवसांत गावची गुरं आणि धनगरांची मेंढरं असतात. ज्याला स्वतःचं रान नाही त्याची म्हैस या गवतावर दूध देते. रिकामं कुठं आहे ते?

शिवाय आमच्या झऱ्यांचं पाणी आमच्यापाशी थांबत नाही. ओढ्यानं कासारीला जातं, कासारी प्रयाग चिखलीला मिळते आणि तीच पंचगंगा होऊन तुमच्या घाटाला येते. पुढं इचलकरंजी, शिरोळ. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, ती घाण पाण्यानंच. शहरानं काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन आणली म्हणून नदीशी संबंध तुटला असं नाही, खालची गावं अजून नदीवरच आहेत.

फुरसुंगीची भाची

माझं आजोळ फुरसुंगी. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत वर्षानुवर्षं येत होता. मामाच्या विहिरीचं पाणी आम्ही लहानपणी ओंजळीनं प्यायचो, नंतर ते शेतालाही द्यायची भीती वाटायला लागली. आंदोलनं झाली, गाड्या अडवल्या, मुदती दिल्या, मुदती गेल्या. पाणी मात्र टँकरचं. माझं एवढंच सांगणं की सुरुवातीला 'थोड्या दिवसांपुरतं' आणि 'फक्त प्रक्रिया' असे शब्द आले तर त्याची व्याख्या लेखी मागा. दिवसाला किती टन, कुठल्या वर्षापर्यंत, आणि मशीन बंद पडलं तर त्या दिवशीची गाडी कुठं रिकामी होणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. मशीन बंद पडतातच.

कागदपत्रं सांभाळणारा

वकिली करतो, म्हणून कागदाचं सांगतो.

ठराव पुरेसा नाही, पण पाया तोच. त्यात कोरम भरल्याची नोंद, गायरानाचा गट नंबर, झऱ्यांची ठिकाणं आणि किती घरं त्यावर अवलंबून आहेत हे यायला हवं. 'तीव्र विरोध' हे दोन शब्द लिहून थांबलात तर फायलीत एक कागद वाढतो, बस्स. गायरानाबद्दल महसूल अधिनियम 1966 च्या कलम 22 अ चा आधार घ्या. दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तरच सार्वजनिक कामासाठी गायरान वळवता येतं. म्हणजे दुसऱ्या कोणत्या जागा पाहिल्या आणि का नाकारल्या, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. माहितीच्या अधिकारात तोच अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोबत प्रकल्प अहवाल आणि भूजलाचा अभिप्राय मागा. अभिप्राय घेतलाच नसेल, तर 'उपलब्ध नाही' असं लेखी उत्तरसुद्धा तुमच्या कामाचं.

सामायिक घनकचरा प्रकल्पाला 2006 च्या अधिसूचनेखाली पर्यावरण परवानगी लागते, आणि त्यात जनसुनावणी येते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. किमान 30 दिवस आधी मराठी वर्तमानपत्रात सूचना हवी आणि अहवालाचा मराठी सारांश पंचायतीत ठेवायला हवा. सुनावणीचं चित्रीकरण होतं आणि शेवटी इतिवृत्त तिथंच मराठीत वाचून दाखवायचं असतं. ते वाचल्याशिवाय उठू नका. बाया-माणसांनी बोलायला हवं, घोषणा कमी आणि झऱ्याच्या वहीतले आकडे जास्त. परवानगी दिली गेली तर पुण्याला हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, पण अपिलाची मुदत मुळात 30 दिवसांचीच, तेव्हा आदेशाच्या तारखेवर लक्ष ठेवा.

आणखी एक, जे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. 2016 च्या नियमांत भरावाची जागा विमानतळापासून 20 किलोमीटर लांब हवी होती, 10 ते 20 च्या दरम्यान असेल तर विमान वाहतूक खात्याची हरकत नसल्याचा दाखला लागायचा. कारण घारी आणि कावळे. उजळाईवाडीच्या विमानतळापासून नकाशावर सरळ रेषेत मोजा, रस्त्यानं नाही. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज कराल त्या दिवशी कोणते लागू आहेत ते पाहून कलम लिहा.

कासारीकाठची

सगळ्यांचे आभार. काका, झऱ्याची नोंद आजच दप्तरात बघितली. नळयोजनेच्या फायलीत नुसतं 'उद्भव: डोंगर' असं लिहिलंय, ना गट नंबर ना ठिकाण. येत्या ग्रामसभेत ते दुरुस्त करायचा विषय मी स्वतः लेखी दिलाय आणि पोच घेतलीय. बादलीचं काम बचत गटातल्या बायकांनी आपसात वाटून घेतलंय, वही टाकीजवळच्या घरात राहील.

शहरातल्या दादांना एक विनंती. तुमच्या भागातले लोक डेपोविरुद्ध निवेदन देणार असतील तर त्यात ओला कचरा वाॅर्डात जिरवायची मागणी घाला. आमच्या पंचायतीकडनं त्याला पाठिंब्याचा ठराव मिळवायची जबाबदारी माझी. दोन्हीकडची माणसं एकत्र कलेक्टर कचेरीत गेली तर शहर विरुद्ध खेडं असं कुणाला म्हणता येणार नाही.

लागू नियमांची मराठी प्रत कुणाकडं असेल तर इथं टाका. सभेत जागेच्या अंतरांचं पान मोठ्यानं वाचायचंय, आणि म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी वाचून उपयोग नाही.