आधी चित्र, मग व्याख्या

कला महाविद्यालयातला सौंदर्यशास्त्राचा पेपर म्हणजे नुसतं पाठांतर, तो काढून टाका आणि त्यापेक्षा स्टुडिओचे तास वाढवा, असं काही जण म्हणतात. पाठांतराबद्दल शंभर टक्के मान्य. पण विषयच काढून टाकणं मला अजिबात पटत नाही.

गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं आहेत. साडीतली मारिया, म्हणजे येशूची आई, पाहिली की मुलं 'भारतीय शैली' म्हणून मोकळी होतात. तिथेच थांबवून विचारावं: भारतीय म्हणजे नक्की काय, साडी की रंग लावण्याची पद्धत? फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले. जलरंगाचे ते पातळ, एकावर एक चढवलेले थर नीट पाहिल्यावरच इथल्या काही ख्रिस्ती मंडळींना ही चित्रं का खटकली, या चर्चेत दम येतो.

आपल्या देवळांतल्या कावीचं, म्हणजे भिंतीवरच्या लाल-पांढऱ्या चित्रांचंही तेच. ओल्या चुन्यावर लाल थर द्यायचा आणि तो खरवडून आतला पांढरा बाहेर काढायचा. खरवडलेलं परत भरता येत नाही, म्हणून ती रेषा इतकी ठाम. तिला 'सजावट' म्हणून बाजूला सारलं जातं, याचं फार वाईट वाटतं. कारागिराचं नाव माहीत नाही म्हणून समीक्षाही नको?

परीक्षेत व्याख्या विचारूच नयेत. एक मूळ चित्र समोर ठेवावं आणि दोन पानं लिहून घ्यावीत, मराठीत, कोंकणीत, ज्याला जमेल त्या भाषेत.