हा कार्बन आपलाच, हे कशावरून?

जलरेखा:
पृथ्वी तापतेय हे बहुतेकांना पटलंय. वाद अडतो तो 'माणसामुळेच कशावरून?' इथे. हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण ३१५ भाग होते. आज ४२० च्या वर आहेत. कोळसा, तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिल्यामुळे त्यात कार्बन-१४, म्हणजे काळानुसार आपोआप नष्ट होत जाणारा किरणोत्सारी कार्बन, उरलेलाच नसतो. तसाच मृत कार्बन हवेत मिसळताना दिसतोय. मला यापेक्षा थेट पुरावा माहीत नाही.

चौकस:
ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो. मग? शिवाय अंटार्क्टिकाच्या जुन्या बर्फातल्या नोंदींत बऱ्याचदा आधी तापमान वाढलेलं दिसतं, कार्बन मागाहून. कारण आणि परिणाम उलटे तर धरत नाही ना आपण?

जलरेखा:
ज्वालामुखीचा मुद्दा रास्त आहे, म्हणूनच दुसरी खूण बघायची. झाडं कार्बन-१३ (कार्बनचाच किंचित जड प्रकार) कमी घेतात, त्यामुळे झाडांपासून बनलेल्या कोळशातही तो कमी असतो. ज्वालामुखीच्या वायूत तितका कमी नसतो. हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण घटतंय आणि ऑक्सिजनही किंचित उतरतोय. म्हणजे काहीतरी जळतंय.
बर्फाचं म्हणाल तर, हिमयुग संपताना सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलाने झाली, समुद्र तापून कार्बन बाहेर पडला आणि त्याने तापमान आणखी चढवलं. या वेळी कार्बन आधी आलाय. त्या बर्फाचा तुकडा पाण्यात टाकला की तडतडतो, आत कोंडलेली जुनी हवा सुटते. अशाच बुडबुड्यांत आठ लाख वर्षांचा हिशोब आहे आणि त्यात औद्योगिक काळापूर्वी ३०० च्या फार वर आकडा गेलेला नाही.

पायवाट:
कारणं मान्य. पण प्रत्येक पूर, प्रत्येक वादळ हवामान बदलाच्या नावावर टाकणं मला खटकतं. पूररेषेत घरं बांधायची, नाले बुजवायचे आणि दोष आभाळाला द्यायचा? पूर्वसूचना सुधारल्यामुळे वादळांत माणसं पूर्वीपेक्षा कमी दगावतात, हेही सांगा की.

जलरेखा:
सांगायलाच हवं. पण हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे तोच ढग जास्त ओततो. बुजलेला नाला आणि जडावलेला ढग, दोन्ही खरे.

चौकस:
ऑक्सिजनचा मुद्दा मला नवीन होता. ज्वालामुखीची शंका मागे घेतो. पण १ अंशाला किती घाबरायचं, यावर अजून पटलेलं नाही.

पायवाट:
जगाची सरासरी १ अंश म्हणजे सगळीकडे १ अंश नव्हे. आर्क्टिक, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीचा भाग, त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने तापतंय. घाबरू नका हवं तर, पण समुद्र १९०१ पासून सुमारे २० सेंटिमीटर चढलाय, एवढं धरूनच किनाऱ्यावरचं पुढचं बांधकाम ठरवा.