शाळेच्या फलकावर क्वार्ट्झवाल्यांपैकी कोणाला बसवू?

आचऱ्याची_बाई

नमस्कार मंडळी. मी मालवण तालुक्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचा मोठा फलक व्हरांड्यात लावायची आमची पद्धत आहे. मागच्या आठवड्यात वर्गातलं घड्याळ बंद पडलं. खाली काढलं तेव्हा नववीतल्या एकाने विचारलं, "बाई, सगळ्या घड्याळांवर क्वार्ट्झ लिहिलेलं असतं. एवढी मोठी कंपनी आहे तरी कुठली?" वर्ग हसला, मीपण हसले. घरी आल्यावर मात्र वाटलं, पोराचं काय चुकलं? क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी. तिचा आणि घड्याळाचा संबंध मी तरी कधी धड सांगितलाय?

म्हणून यंदा विषय हाच घेतलाय, पिझोइलेक्ट्रिक स्फटिक, म्हणजे दाबले की वीज देणारे. शोधाशोध करताना कळलं की आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेच्या फ्रिक्वेन्सी कंट्रोल (कंपनसंख्या स्थिर ठेवण्याच्या) परिषदेत दर वर्षी या कामासाठी तीन पुरस्कार देतात: केडी, सॉयर आणि राबी. फलकावर चौकटी चार. पहिलीत हेडसरांना मादाम क्युरी हव्यात, कारण त्यांचा फोटो ऑफिसात फ्रेम करून तयार आहे. "क्युरी ते क्युरीच," म्हणाले. उरलेल्या तीन चौकटींत कोणाला घेऊ? आणि मुलांच्या हातात देता येईल असं काही असेल तर तेही सुचवा. गॅस लायटर नको, घरोघरचे लायटर फोडून झालेत.

हर्णैचा_खारा_वारा

बाई, क्युरी ते क्युरी नाही हो. हा शोध १८८० चा, जाक आणि पिएर क्युरी या दोघा भावांचा. क्वार्ट्झ, तुरमलीन, पुष्कराज, अगदी उसाच्या साखरेचा स्फटिकसुद्धा दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो हे त्यांनी दाखवलं. पुढे पिएरची बायको झालेली मारी, म्हणजे तुमच्या मादाम, पॅरिसला आली १८९१ साली. उलट बाजू, म्हणजे वीज दिली की स्फटिक आकार बदलणार, हे लिपमान या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये गणिताने मांडलं आणि भावांनी लगेच करून दाखवलं.

पण हेडसरांची फ्रेम वाया घालवू नका. युरेनियमच्या किरणांची मोजणी मारीने केली ती या भावांच्याच क्वार्ट्झच्या उपकरणावर. फोटो तिचा राहू दे, खाली दिराचं नाव ठळक लिहा. त्या जाकला कोणी विचारत नाही बिचाऱ्याला.

बंदरावरचो_मेस्त्री

बाई, मी देवगडला बंदरावर फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून मासे आणि तळ दाखवणारं यंत्र), व्हीएचएफ सेट (बोटीवरचा वायरलेस), जीपीएस दुरुस्त करतो. सत्तावीस वर्षं झाली. शिक्षण आयटीआयचं, त्यामुळे चुकलं तर कान धरा.

आधी तुमच्या घड्याळाचं बघू. पावसाळ्यापासून बंद-चालू करत असेल तर टाकू नका. मागचं झाकण काढा. छोट्या पाटीवर तांदळाच्या दाण्याहून जरा लांब, चंदेरी नळकांडी दिसेल, दोन बारीक पायांची. तोच तुमचा क्वार्ट्झ. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेने त्या दोन पायांच्या मध्ये ओलसर थर बसतो. डोळ्याला दिसत नाही, पण तेवढ्या गळतीने कंपन थांबतं, कारण तिथे वीज असते अगदी नखभर. जुना टूथब्रश, थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल, उन्हात अर्धा तास आणि वर नेलपॉलिशचा एक हात. माझ्या दुकानातलं नेलपॉलिश बघून गिऱ्हाईकं हसतात. हसू देत.

आता तुमच्या चौकटी. केडी पाहिजेच. वॉल्टर केडी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात प्राध्यापक. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायचं काम चाललं होतं. फ्रान्सच्या लांजव्हँने पोलादाच्या दोन पट्ट्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून पाण्यात आवाज सोडला आणि परत ऐकला. माझ्या टेबलावरच्या प्रत्येक फिशफाइंडरचा तो पणजोबा. केडी याच कामात आले आणि त्यांच्या लक्षात आलं की स्फटिकाला स्वतःचा एक ठाम सूर असतो, आपल्या सुराजवळ आला की तो सर्किटलाच धरून ठेवतो. १९२१ साली त्यांनी त्यावर ऑसिलेटर, म्हणजे कंपनं निर्माण करणारं सर्किट, स्थिर करून दाखवला. रेडिओ स्टेशन आपल्या जागेवर राहायला लागली ती त्यानंतर. माणूस जगला किती माहीत आहे? शंभरीला एक दिवस कमी असताना गेला.

राबी मोठेच, १९४४ चं नोबेल. पण ते अणूंचे. सिझियमच्या घड्याळात सेकंद म्हणजे ९,१९२,६३१,७७० कंपनं, हा मार्ग त्यांच्या कामातून निघाला. मात्र अणुघड्याळाच्या पोटातसुद्धा क्वार्ट्झच धडधडत असतो, अणू फक्त त्याचा कान पिळतो. जागा कमी पडली तर राबींना खाली ओळीत घ्या.

माझं मत म्हणाल तर शाल-श्रीफळ सॉयरला. क्लीव्हलंडच्या चार्ल्स सॉयरने स्फटिक वाढवायचा कारखाना काढला. पुरस्कारसुद्धा असाच ठेवलाय, माल तयार करणाऱ्याला आणि धंदा उभा करणाऱ्याला. दुसऱ्या महायुद्धात वायरलेससाठी लागणारी गारगोटी ब्राझीलहून यायची. हवी ती नितळ, एकसंध. आपल्या कासार्ड्याच्या सिलिका वाळूतही क्वार्ट्झच आहे, पण दाणे सुटे आणि प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे, म्हणून तिचा उपयोग काचेला. पुढे माणसाने स्फटिक घरीच पिकवला. जाड पोलादी भांडं, तळाला गारगोटीचे तुकडे, अल्कलीचं पाणी, साधारण साडेतीनशे अंश उष्णता, हजार वातावरणांच्या वर दाब, आणि वर टांगलेल्या स्फटिकाच्याच पातळ बियाण्यावर कित्येक आठवडे हळूहळू चढत जाणारा थर. आंब्याची अढी घालतो तसं. रोज उघडून बघायचं नाही.

पिकवला तरी कापायचा कसा? अमेरिकेतल्या बेल लॅब या प्रयोगशाळेच्या लोकांनी १९३४ मध्ये आणि त्याच सुमारास जपानच्या इसाक कोगाने स्वतंत्रपणे शोधलं की स्फटिकाच्या अक्षाशी ३५ अंश १५ मिनिटांच्या कोनात चकती काढली तर साध्या हवेतल्या थंडी-उन्हाने तिचा सूर जवळजवळ हलत नाही. याला एटी कट म्हणतात. १० मेगाहर्ट्झची चकती ०.१७ मिलिमीटरच्या आसपास जाड. कोन मिनिटभर चुकला तरी तापमानाचा आलेख सरकतो, म्हणून क्ष-किरण टाकून कोन तपासतात. व्हीएचएफचं चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. भर मे महिन्यात केबिनमध्ये सेट तापलेला असतो, तरी तांडेलाची हाक किनाऱ्यावर लागते ती या कोनामुळे. चौथी चौकट त्या कोनालाच द्या बाई, माणसाला नको.

हातात द्यायला फिशफाइंडरचा मेलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, मी पाठवतो. त्यात क्वार्ट्झ नसतो, लेड झिर्कोनेट टायटेनेटची सिरॅमिक असते, हे मुलांना सांगा. सेंटीमीटरभर जाड पांढरट चकती, दोन्ही तोंडांना चांदीचा मुलामा. हा मेला तो माझ्याच हातून. पावसाळी मासेमारी बंदीत बोट वर ओढलेली, ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर कवचांचा थर चढलेला. मी घाईत पटाशीने खरवडला. टक् असा एवढासाच आवाज झाला. मालक समोर उभा, मी काहीच बोललो नाही. बोट पाण्यात गेल्यावर तळच दिसेना. शेवटी नवीन आणून बसवला, पैसे माझ्या खिशातून. तेव्हापासून लाकडी फळी आणि गोडं पाणी.

चालू असलेला कानाजवळ धरला तर टिक टिक ऐकू येते. २० वाव पाण्यात ती टिक तळाला लागून परत यायला साधारण ५० मिलिसेकंद लागतात. पण कोरड्यावर जास्त वेळ चालवू देऊ नका, तापतो.

रत्नागिरी_ते_पिंपरी

मेस्त्री, मस्त लिहिलंत, पण एक गल्लत होतेय. वर्गातल्या घड्याळात एटी कट नसतो. तुमच्या त्या चंदेरी नळकांडीत क्वार्ट्झचा छोटा चिमटा असतो, ट्यूनिंग फोर्कसारखा, आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा हलतो. हा आकडा दोनने पंधरा वेळा भागा, एक उरतो. मुलांकडून फळ्यावर करून घ्या, मजा येते. याचा सूर २५ अंशांना बरोबर आणि वर-खाली दोन्हीकडे मंदावतो. ३५ अंशांना ३.५ पीपीएम (दहा लाखांत साडेतीन), म्हणजे महिन्याला नऊएक सेकंद मागे. कोकणातलं घड्याळ उन्हाळ्यात थोडं आळसावतं ते यामुळे.

आणि २५ डिसेंबर १९६९ ला आलेलं सेइको अ‍ॅस्ट्रॉन विसरू नका, पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. त्यात ८,१९२ होते. तोही दोनाचाच घात, तेरावा.

बंदरावरचो_मेस्त्री

मान्य. पिंपरीक जावन हुशार झालास झिला.

हर्णैचा_खारा_वारा

हातात देण्यासाठी अजून एक: रोशेल सॉल्ट, हाही दाबला की वीज देणारा स्फटिक, वर्गात वाढवा. बेकरीवाले वापरतात ते क्रीम ऑफ टार्टर, आणि खायचा सोडा तव्यावर तापवून केलेला धुण्याचा सोडा. क्रीम ऑफ टार्टर गरम पाण्यात घालून त्यात सोडा थोडा थोडा मिसळायचा, फेस थांबला की गाळून गार जागी ठेवायचं. यातलं आंबट म्हणजे चिंचेतलंच टार्टरिक अ‍ॅसिड. (कोकमातलं नव्हे, इथे पोरं हमखास वाद घालतील.) पूर्वी फ्रान्समध्ये हे मीठ जुलाबाचं औषध म्हणून विकायचे, तेवढं मुलांना शेवटी सांगा. चांगला स्फटिक आला की दोन बाजूंना फॉइल लावून वायरी अ‍ॅम्प्लिफायरला जोडा आणि पेन्सिलीने टिचकी मारा. क्वार्ट्झपेक्षा कितीतरी जोरात बोलतो. फेब्रुवारीतच करा, जूनमध्ये त्याला पाणी सुटतं.

आचऱ्याची_बाई

सगळ्यांचे आभार. घड्याळ चालू झालं! नेलपॉलिश गुलाबी होतं, त्यावरून वर्गात अर्धा तास गेला. हेडसर मारीच्या फोटोखाली जाक आणि पिएर लिहायला तयार आहेत, अक्षर मात्र "बेताचं" हवं म्हणाले. दुसरी चौकट केडी, तिसरी सॉयर, चौथी कोन. क्रीम ऑफ टार्टर इथे मिळालं नाही, कणकवलीहून येतंय.

मेस्त्रीकाका, एक अडचण आहे. कंपासपेटीतल्या कोनमापकावर ३५ अंश दिसतात. वरची १५ मिनिटं कशी दाखवू?

बंदरावरचो_मेस्त्री

१५ मिनिटं म्हणजे पाव अंश. मीटरभराची लाकडी पट्टी टेबलावर ठेवा आणि एका टोकाखाली साडेचार मिलिमीटरची चिप सरकवा. पट्टी जेवढी उचलली जाईल तेवढाच. पोरांना आधी लांबून बघायला सांगा, कोणती बाजू वर आहे ते ओळखता येतं का.