गुडघा सोलवटला आहे: हळद भरावी, उघडा ठेवावा की पट्टी बांधावी?

लालमाती (चिपळूण तालुका)

नमस्कार. माझा नऊ वर्षांचा मुलगा काल संध्याकाळी सायकलवरून पडला. आमच्या वाडीच्या रस्त्यावरचे डांबर पावसाने वाहून गेले असून खडी उघडी पडली आहे. त्या खडीवरून घसरत गेल्यामुळे त्याचा उजवा गुडघा तीन बोटे मावतील एवढा सोलवटला आणि तळहातही खरचटला. रक्त फारसे आले नाही. सासूबाईंनी लगेच ओल्या फडक्याने माती पुसली आणि मिसळणाच्या डब्यातली हळद खोबरेल तेलात कालवून जखमेत भरली. घरातल्या सगळ्यांच्या जखमा आजवर त्यांच्याच हाताखाली बऱ्या झाल्या आहेत, म्हणून मी काही बोलले नाही.

आज सकाळी हळदीचा कडक पापुद्रा धरला आहे आणि त्याखाली काय चालले आहे ते दिसत नाही. पाय वाकवताना मुलगा रडतो. शेजारच्या काकू म्हणतात की त्यावर डेटॉल ओतावे. माझा भाऊ म्हणतो की वारा लागू द्यावा, जखम आपोआप सुकेल. धनुर्वाताचे इंजेक्शन लगेच द्यावे लागेल का, हेही कळत नाही. आरोग्य केंद्र आठ किलोमीटरवर आहे. सासूबाईंचे मन न दुखावता योग्य ते करायचे आहे, म्हणून विचारते.

पाणवठा (निवृत्त परिचारिका)

ताई, मी सत्तावीस वर्षे ग्रामीण भागात ड्रेसिंगच्या टेबलाजवळ उभी राहिले आहे. त्या अनुभवावरून सांगते की अशा जखमेत काय लावले यापेक्षा ती किती नीट धुतली याला कितीतरी अधिक महत्त्व असते. आपल्याकडे पडल्याबरोबर काय लावू, असाच प्रश्न विचारला जातो आणि धुण्याचे काम दोन थेंब पाण्यावर उरकले जाते. फडक्याने पुसल्यावर वरची माती निघते, परंतु खडीची बारीक कच सोललेल्या कातडीत अधिक आत दाबली जाते. ती तिथेच राहिली तर जखम चिघळू शकते, आणि न चिघळता भरून आली तरी त्वचेखाली काळा-निळा डाग कायमचा राहू शकतो.

म्हणून आज पुन्हा धुवा. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ असते, तेव्हा पाणी उकळून कोमट होऊ द्या. आपले हात साबणाने धुऊन घ्या. हळदीचा पापुद्रा ओढून काढू नका. स्वच्छ, धुतलेले सुती कापड त्या पाण्यात भिजवून दहा-पंधरा मिनिटे त्यावर ठेवा, म्हणजे तो मऊ होऊन सुटेल. मग तांब्याने वरून धार धरून पाच-दहा मिनिटे जखम धुवा. भोवतालची कातडी साबणाने धुवा. जखमेत थोडा फेस गेल्याने अपाय होत नाही, मात्र चुरचुरते. उजेडात कच दिसली तर स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने अलगद काढा. खोल रुतलेले मात्र घरी उकरू नका, ते काम दवाखान्याचे आहे.

डेटॉल कधीही तसेच ओतू नये. बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात पाणी न मिसळता वापरले तर त्याने कोवळी त्वचा भाजल्यासारखी होते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम स्वच्छ झाल्याचे समाधान मिळते, पण त्याने जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही इजा होते. धुतल्यानंतर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर किंवा पोव्हिडोन आयोडीनचे मलम लावा, वर न चिकटणारी जाळीची पट्टी ठेवा आणि ती रोज, तसेच भिजल्यास किंवा मळल्यास लगेच बदला.

आपल्या भावाचा समज फार जुना आहे आणि मीही नोकरीच्या सुरुवातीला तेच सांगत असे. परंतु 1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरते. कडक खपलीखालून नव्या पेशींना वाट काढावी लागते; ओलसर पृष्ठभागावर त्या सहज सरकतात. गुडघ्यासारख्या सतत वाकणाऱ्या जागी तर सुकी खपली रोज तडकते आणि मूल रोज रडते.

धनुर्वाताविषयी सांगायचे तर मुलाचे लसीकरणाचे कार्ड काढा. पाच ते सहा वर्षांच्या वयातला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरच्या एकत्र लशीचा) बूस्टर आणि त्याआधीचे सगळे डोस झाले असतील आणि त्या बूस्टरला अजून पाच वर्षे झाली नसतील, तर आता इंजेक्शनची गरज नाही. डोस पूर्ण असलेल्या माणसाला स्वच्छ, लहान जखमेसाठी दहा वर्षांची मुदत धरतात. माती किंवा शेणाचा संपर्क आलेल्या अथवा खोल जखमेसाठी पाच वर्षांची. दर सहा महिन्यांनी 'टीटी', म्हणजे धनुर्वाताचे इंजेक्शन, 'मारून घेण्याची' आपल्याकडची पद्धत अनावश्यक आहे. कार्ड सापडले नाही किंवा डोस अपुरे असतील तर मात्र आठ किलोमीटर जाऊन यावे.

रानवाट

वरील उत्तराशी सहमत आहे. हळदीबद्दल थोडे लिहितो, कारण सासूबाईंशी बोलताना कदाचित उपयोगी पडेल. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. त्या विजयाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. मात्र हा उपयोग भारतात आधीपासून ठाऊक होता, त्यात नवे काही नाही, या मुद्द्यावर ते पेटंट रद्द झाले. डब्यातली हळद उघड्या जखमेत भरणे सुरक्षित आहे, असे त्या निकालाने ठरवलेले नाही. आजीच्या काळी घरी कुटलेली हळद आणि आज बाजारात सुटी मिळणारी पूड यांत भेसळीचा फरक असू शकतो, आणि रोजच्या मिसळणाच्या डब्यात ओले चमचे व पिठाचे हात जातच असतात. माझ्या मते सर्वांत मोठी अडचण निराळीच आहे: हळदीच्या पिवळ्या रंगाखाली जखमेभोवतीची लाली पसरते आहे की ओसरते आहे, हेच कळत नाही.

दगडी पाल्याचेही तसेच. आमच्याकडे शेतात विळा लागला की तो चोळून रस पिळतात आणि रक्त थांबते, असा अनुभव अनेकजण सांगतात. परंतु पाला मातीतून उपटलेला असतो आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे, मध्ये उचलून न पाहता, दाबून धरले तरी बहुतेक लहान जखमांचे रक्त थांबते.

जांभा

मी एक गोष्ट कळकळीने जोडतो. माझ्या वडिलांना मधुमेह होता. चपलेचा अंगठा लागून पायाच्या बोटाला हरभऱ्याएवढी जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून तीन आठवडे कोणी पाहिलीच नाही. अखेर ते बोट काढावे लागले. घरात मधुमेही माणूस असेल तर त्याच्या पायाची जखम कितीही लहान दिसली तरी ती घरगुती उपचारांची नव्हे.

कोकणात या दिवसांत दुसरी भीती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची असते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून ते जंतू खरचटलेल्या त्वचेवाटे शरीरात शिरतात. जखम भरेपर्यंत मुलाला शेतात किंवा साचलेल्या पाण्यात जाऊ देऊ नका. ताप, डोकेदुखी आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले तर डॉक्टरांना जखमेचा उल्लेख आवर्जून करा.

लालमाती

सर्वांची आभारी आहे. कार्डावर बूस्टरची नोंद सापडली, त्याला साडेतीन वर्षे झाली आहेत. हळद भिजवून काढली तेव्हा खाली मसुराएवढी खडीची एक कपची आणि थोडी काळी कच निघाली. ती पाहून सासूबाईंनीच दुसऱ्यांदा पाणी उकळून आणले आणि तांब्याची धारही त्यांनीच धरली. आता जखम गुलाबी दिसते, कडेला किंचित लाल आहे. पट्टी बांधून मुलगा झोपला आहे. डॉक्टरांकडे कधी न्यावे, एवढे सांगाल का?

पाणवठा

कडेची किंचित लाली पहिले दोन दिवस असतेच. तिच्या सीमेवर पेनने बारीक रेघ ओढून ठेवा. लाली रेघेबाहेर पसरली, जागा गरम होऊन ठणकू लागली, पू आला, ताप भरला, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आले किंवा मांडीकडे लाल रेघ चढताना दिसली, तर त्याच दिवशी न्या. खपली खाजवू देऊ नका आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पुढची पट्टी उद्या अंघोळीनंतर बदला. चिकटली असेल तर आधी कोमट पाण्याने भिजवा.