मदत हवी आहे: लिफ्टमध्ये कुत्रा नेला तर सोसायटी दंड लावू शकते का?

सातवा_मजला: कोणीतरी लवकर सांगा. काल लिफ्टच्या दारावर नोटीस लागली, कुत्र्यांना लिफ्ट बंद, नेल्यास ५०० रुपये दंड. आमची राणी तेरा वर्षांची, मागचे पाय धरलेत. सकाळी पोटाखाली टॉवेल घालून उतरवत होते, तिसऱ्या मजल्यावर बसलीच, उठेना. हे कायद्यात बसतं का?

पार्ले_पूर्व: नोटीस नुसती कमिटीची की सभेत ठराव झालाय? फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा? कुत्रीचा पालिकेचा परवाना आहे?

भूभूवाला: ठराव असला तरी काय! प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. सरळ पोलीस चौकी गाठा.

माजी_सेक्रेटरी: चौकी नको, त्याच जिन्यात राहायचंय. आधी सोसायटीला पत्र, पोच घ्या, मग वॉर्डाचे उपनिबंधक, म्हणजे सोसायट्यांवर देखरेख ठेवणारे सहकार खात्याचे अधिकारी. आणि मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे.

भूभूवाला: १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा तर कायदाच आहे ना? म्हाताऱ्या जनावराला सात मजले चढवायचे?

दोन_मुलांची_आई: लिफ्टमध्ये कुत्रा अंगावर आला तेव्हापासून माझी मुलगी जिनेच चढते. आमचाही विचार करा. पट्टा आखूड धरा.

माटुंगाकर: पायांसाठी परळला जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये दाखवा.

सातवा_मजला: औषध चालू आहे हो, मी दंडाचं विचारतेय! परवाना आहे, रेबीजची लस दरवर्षी देतो. ठरावाचं माहीत नाही, मी सभेला जात नाही. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे.

पार्ले_पूर्व: हे आधी सांगायचं ना! सभासद त्या, म्हणजे पत्र त्यांच्या सहीने जायला हवं. सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा, सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सभासदाला तो हक्क आहे. ठरावच नसेल तर दंड कशाच्या जोरावर लावतात ते लेखी विचारा.

माजी_सेक्रेटरी: दंड बिलात आला तर लेखी हरकत घ्या, पण बाकीचा मेंटेनन्स वेळेवर भरा. तो थकवू नका, नाहीतर सासूबाई थकबाकीदार ठरतील.

सातवा_मजला: त्या नाशिकला आहेत, शनिवारी येतील. तोवर काय करू?

दोन_मुलांची_आई: तोवर लिफ्टनेच न्या. आत कोणी असेल तर फक्त आधी विचारा. या वयात जिने नकोत तिला.