बाहेरगावच्या पोरापोरींसोबत शिकल्यानं खरंच फरक पडते का?

घाटंजीवाला:
राम राम मंडळी. लहान बहिणीचं बीएस्सी ॲग्रीचं पाहून राहिलो. एक कॉलेज घरून बसनं जाण्यासारखं आहे पण तिथं सगळे आपल्याच दोन-तीन तालुक्यातले, अन् दुसरं अकोल्याले विद्यापीठाचं, तिथं मेळघाट-गडचिरोलीची पोरं असतात अन् आयसीएआरच्या (केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेच्या) कोट्यातून परराज्यातलीही येतात. तिचे सर म्हणतात अशा ठिकाणी शिकणंच वेगळं होते. बाबा म्हणतात पुस्तक तं तेच हाय, मंग हॉस्टेलचा खर्च काऊन करा? कोणी राहून आलं असन तं सांगा.

कपाशीवाला:
भाऊ, पुस्तक तेच असते पण त्यात काय सुटलं हे सांगणारं कोणी बाजूले पाहिजे. आमची रावेची, म्हणजे शेवटच्या वर्षी गावात राहून शेतीचं काम शिकायची, बॅच मेळघाटात धारणीकडच्या एका गावात होती. आम्ही सगळे कपाशी-सोयाबीनवाले, फॉर्म घेऊन घरोघरी फिरलो, माणसांनी सोयाबीन सांगितलं, आम्ही लिहून मोकळे. आमच्यात एक कोरकू पोरगी होती, ती चुलीपाशी बायांजवळ बसली, कोरकूत बोलली, तं कुटकी, कोदो, सावा सगळ्याचं बी मडक्यात राखून ठेवलेलं निघालं, बरड जमिनीत काय पेरायचं, पाऊस लांबला तं काय टिकते, सगळं त्या बायांले पाठ. ती नसती तं आमच्या रिपोर्टात ते गाव नुसतं सोयाबीनचं ठरलं असतं अन् उद्या कोणी तेच वाचून योजना आखली असती. बहिणीले अकोल्याले पाठवा.

चामोर्शीची ताई:
वरचं पटलं दादा, पण नुसती भरती मिसळ झाली म्हणून भागत नाही. मी होती त्या हॉस्टेलला खोल्या जिल्हावार दिल्या होत्या, मग जेवायला बसणं जिल्हावार, प्रॅक्टिकलचे ग्रुपही तसेच, अन् आम्हा गडचिरोलीच्या मुलींना सरळ नक्षली म्हणून हाक मारायचे. रेक्टरला सांगितलं तर म्हणे गंमत करतात. कसली गंमत, एक माडिया मुलगी वर्गात तोंडच उघडेनाशी झाली. पुढच्या वर्षी खोल्या मिसळून दिल्या, तेव्हा तिची परभणीची रूममेट तिच्यासाठी भांडायला उभी राहिली अन् ते नाव बंद झालं. ॲडमिशनच्या दिवशी खोल्या कशा वाटतात हे नक्की विचारा.

पुसदचे मास्तर:
ताई, अगदी खरं. आपल्याकडं हे नवीन नाही, ज्यांच्या नावानं १९६९ ला अकोल्याचं विद्यापीठ झालं त्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं ते सगळ्या जातीच्या पोरांनी एकत्र राहावं, एका पंगतीत जेवावं म्हणूनच, अन् शिवाजी शिक्षण संस्था त्याच्या नंतरची, १९३२ ची.
घाटंजीवाले भाऊ, खर्चाचं म्हणाल तर त्यांच्याच नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलांसाठी, त्याचा अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर भरावा लागतो. एसटी असाल तर स्वयंम् योजना, एससी-नवबौद्ध असाल तर स्वाधार योजना. सातबारा अन् उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा, ऐन वेळी सेतूत रांगा लागतात.